कर्जअर्ज कुणाला दिसावा? सेल्सफोर्समध्ये शेअरिंगचा कोड एकदाच, पण पुन्हापुन्हा वापरता येईल असा लिहिताना

बेळगावात मुख्य कार्यालय, शहापूर, खानापूर, निपाणी आणि चिकोडीला शाखा, हद्दीपलीकडे चंदगड आणि गडहिंग्लजला एकेक शाखा, अशी एक पतसंस्था डोळ्यांसमोर धरा. कारभार दोन राज्यांत, म्हणून नोंदणी २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली. कर्जाचे अर्ज सेल्सफोर्स या क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरमध्ये भरले जातात. तारण जमीन खानापूर तालुक्यातली असेल तर कन्नडमधला आरटीसी (कर्नाटकातला जमिनीचा) उतारा वाचू शकणारा तपासनीस लागतो. जमीन चंदगडची असेल तर सात-बारा आणि गट नंबर कळणारा लागतो. अर्ज निपाणीत आला तरी तपासनीस गडहिंग्लजचा असू शकतो. नेमका कोण, हे अर्जागणिक ठरते आणि मध्येच बदलतेही. बदलल्यावर जुन्या तपासनीसाला ती फाइल दिसता कामा नये.

हा लेख त्या शेवटच्या वाक्यासाठी आहे. रेकॉर्ड दाखवायला चार ओळींचा कोड पुरतो. दाखवलेले रेकॉर्ड वेळेवर काढून घेण्यासाठी मात्र कोडची मांडणी पहिल्या दिवसापासून नीट करावी लागते.

ऑब्जेक्ट, फील्ड, ट्रिगर आणि एपेक्स क्लास यांची तोंडओळख आहे असे गृहीत धरले आहे. सरावासाठी मोफत डेव्हलपर एडिशन घ्या. ऑब्जेक्टची आणि फील्डची नावे इथे देवनागरीत लिहिली आहेत, एडिटरमध्ये अर्थातच ती इंग्रजीत टाइप करायची.

आधी कोड टाळता येतो का ते पाहा

शेअरिंगची पायाभूत सेटिंग म्हणजे ओडब्ल्यूडी, ऑर्ग-वाइड डिफॉल्ट. कर्जअर्जासाठी ती प्रायव्हेट ठेवायची, म्हणजे मालकाला आणि रोलच्या उतरंडीत त्याच्या वरच्यांनाच अर्ज दिसतो. शाखाधिकाऱ्याला आपल्या शाखेचे अर्ज दिसावेत यासाठी रोलची उतरंड नीट लावली की झाले, कोड लागत नाही. ‘राज्य = कर्नाटक असलेले सगळे अर्ज कायदा विभागाच्या गटाला’ हेही शेअरिंग रूलने होते. एका ऑब्जेक्टवर ३०० शेअरिंग रूल चालतात, त्यांत निकषांवर आधारलेले ५० पर्यंत. छोट्या संस्थेला एवढे पुरून उरतात.

अडचण येते ती रेकॉर्डवरच्या लुकअप फील्डमध्ये (दुसऱ्या रेकॉर्डकडे बोट दाखवणाऱ्या फील्डमध्ये) ज्या माणसाचे नाव आहे त्यालाच रेकॉर्ड दाखवायचे असते तेव्हा. शेअरिंग रूलला गट आणि रोल कळतात, ‘या अर्जाचा तपासनीस’ कळत नाही. कोड लिहायचा तो अशा ठिकाणी. उरलेले काम रूलवर सोडा. सगळेच कोडमध्ये कोंबले तर पुढे ॲडमिनला साधा बदल करायलाही तुमच्यामागे लागावे लागेल.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. शेअरिंगने रेकॉर्ड दिसते, ऑब्जेक्टचा अधिकार मिळत नाही. तपासनीसाच्या प्रोफाइलमध्ये किंवा परमिशन सेटमध्ये कर्जअर्जाची रीड परवानगीच नसेल तर शेअरच्या शंभर ओळी घातल्या तरी त्याची स्क्रीन कोरी. तक्रार आली की पहिल्यांदा हे तपासा, कोड नंतर उघडा.

शेअरची ओळ म्हणजे काय

ओडब्ल्यूडी प्रायव्हेट किंवा पब्लिक रीड-ओन्ली असेल तर प्रत्येक कस्टम ऑब्जेक्टसोबत एक जुळे ऑब्जेक्ट तयार होते: नावाच्या शेवटी ‘डबल अंडरस्कोर सी’ ऐवजी ‘डबल अंडरस्कोर शेअर’. ओडब्ल्यूडी पब्लिक रीड-राइट असेल तर हे ऑब्जेक्ट नसतेच, आणि त्याचे नाव घेणारा क्लास कंपाइल होत नाही. मास्टर-डिटेलमधल्या, म्हणजे मुख्य रेकॉर्डला घट्ट बांधलेल्या, डिटेल ऑब्जेक्टलाही ते नसते. म्हणजे ‘जामीनदार’ हे कर्जअर्जाचे डिटेल असेल तर अर्ज ज्याला दिसतो त्याला जामीनदारही दिसतो, वेगळे काही करायचे नाही. ‘मूल्यांकन’ नुसत्या लुकअपने जोडले असेल तर त्याचा वेगळा विचार करावा लागतो.

या ओळीत चार फील्ड महत्त्वाची. पॅरेंट-आयडी म्हणजे कोणता अर्ज. युजर-ऑर-ग्रुप-आयडी म्हणजे कुणाला. ॲक्सेस-लेव्हल म्हणजे रीड की एडिट (‘ऑल’ ही तिसरी पातळी मालकाची, ती कोडमधून देता येत नाही). आणि रो-कॉज, म्हणजे का.

सगळी गोम या रो-कॉजमध्ये आहे. तुम्ही काही दिले नाही तर तिथे ‘मॅन्युअल’ पडते. मॅन्युअल ओळी मालक बदलला की आपोआप पुसल्या जातात. अर्ज खानापूरच्या कारकुनाकडून मुख्य कार्यालयाकडे गेला, त्याच क्षणी तपासनीसाचा ॲक्सेस गेला, आणि कुणालाच पत्ता नाही. शिवाय एखाद्या शाखाधिकाऱ्याने शेअर बटण दाबून स्वतः दिलेली ओळही मॅन्युअलच असते. तुमचा कोड ‘मॅन्युअल’ ओळी साफ करू लागला तर माणसांनी दिलेले ॲक्सेसही झाडून काढेल.

म्हणून कस्टम ऑब्जेक्टसाठी स्वतःचे एपेक्स शेअरिंग रीझन बनवा. असे रीझन असलेली ओळ मालक बदलला तरी टिकते. एका ऑब्जेक्टवर अशी १० रीझन बनवता येतात. लाइटनिंगच्या (नव्या स्क्रीनच्या) ऑब्जेक्ट मॅनेजरमध्ये ही यादी शोधत बसू नका. क्लासिकमध्ये, म्हणजे जुन्या स्क्रीनवर, जाऊन ऑब्जेक्टच्या व्याख्येच्या पानावर खाली पाहा, किंवा व्हीएस कोडमधून मेटाडेटा म्हणून डिप्लॉय करा. दुसरी वाट बरी, कारण सँडबॉक्समधून (चाचणीच्या प्रतीतून) प्रॉडक्शनवर जाताना रीझन विसरले जात नाही. आपल्या उदाहरणात तीन रीझन पुरेत: तपासनीस, मूल्यांकनकार, वसुली अधिकारी. व्यक्तीच्या किंवा शाखेच्या नावाने रीझन बनवू नका, भूमिकेच्या नावाने बनवा. रीझन डिलीट केले की त्या रीझनच्या सगळ्या ओळी सोबत जातात, हेही ध्यानात असू द्या.

कोडचे तीन तुकडे

सुरुवातीला बहुतेक जण ट्रिगरमध्येच शेअरची ओळ बनवून इन्सर्ट करतात. एका ऑब्जेक्टवर ते चालते. दुसऱ्या ऑब्जेक्टसाठी तोच कोड उचलून चिकटवतात, तिसऱ्यासाठीही, आणि मग चूक सापडली की ती तीन ठिकाणी दुरुस्त करायची. त्याऐवजी काम असे तोडा.

पहिला तुकडा नियम सांगतो: या अर्जांसाठी कुणाकुणाला, कोणत्या पातळीवर, कोणत्या रीझनखाली ॲक्सेस असायला हवा. तो डेटाबेसला हात लावत नाही, फक्त यादी देतो. दुसरा तुकडा म्हणजे शेअरिंग सर्व्हिस. त्याला ‘हवे ते’ आणि ‘आहे ते’ यांच्यातला फरक काढून तेवढाच बदल करता येतो. त्याला ना कर्ज माहीत ना तपासनीस. तिसरा तुकडा बोलावणारा: ट्रिगर, बॅच जॉब, उद्या एखादा फ्लो. पुन्हापुन्हा वापरायचा तो मधला. म्हणून त्यात ‘कर्ज’ हा शब्द एकदाही येता कामा नये.

या तुकड्यांमध्ये फिरणाऱ्या मालासाठी एक छोटा क्लास करा, नाव ‘ग्रँट’ ठेवा. त्यात रेकॉर्ड-आयडी, घेणाऱ्याचा आयडी, पातळी आणि रीझन एवढेच. आयडी ठेवताना प्रकार ‘आयडी’ हाच घ्या, ‘स्ट्रिंग’ नको. सेल्सफोर्सचा आयडी कुठे १५ अक्षरांचा येतो, कुठे १८. स्ट्रिंग म्हणून जोडले तर एकच माणूस दोन वेगळ्या चाव्यांनी ओळखला जातो आणि प्रत्येक सेव्हला त्याची ओळ पुसून नवी घातली जाते. दिसायला सगळे बरोबर असते, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

सर्व्हिसचे मुख्य काम असे:

१. आलेल्या ग्रँटची चावी बनवा: रेकॉर्ड, घेणारा आणि रीझन. एकाच चावीवर रीड आणि एडिट दोन्ही आले तर एडिट ठेवा.
२. या रेकॉर्डवरच्या आधीच्या शेअरच्या ओळी एका क्वेरीत आणा. अट दोन भागांची: पॅरेंट-आयडी या संचात, आणि रो-कॉज आपल्या ताब्यातल्या रीझनच्या संचात.
३. हवी आहे पण नाही: इन्सर्टच्या यादीत.
४. आहे पण नको: डिलीटच्या यादीत.
५. दोन्हीकडे आहे पण पातळी वेगळी: अपडेटच्या यादीत.
६. डिलीट, अपडेट, इन्सर्ट, प्रत्येकी एकदाच.

दुसऱ्या पायरीतला रो-कॉजचा संच कधीही मोकळा सोडू नका. तो रिकामा आला तर सर्व्हिसने काम न करता एक्सेप्शन द्यावे. नाहीतर कुणीतरी घाईत रिकामा संच पाठवेल, आणि क्वेरी जोडताना अट गळून पडली तर माणसांनी दिलेल्या मॅन्युअल ओळीही डिलीटच्या यादीत जातील. पाचव्या पायरीत फक्त पातळी बदलता येते. पॅरेंट, घेणारा आणि रो-कॉज एकदा लिहिले की बदलत नाहीत, तिथे जुनी ओळ पुसून नवीच घालायची.

सर्व्हिसला ऑब्जेक्टचे नाव कोडमध्ये कोरायचे नाही, म्हणून ओळ डायनॅमिक पद्धतीने बनते: ग्लोबल डिस्क्राइबमधून शेअर ऑब्जेक्टचा टोकन घ्यायचा, ‘न्यू-एसऑब्जेक्ट’ने ओळ तयार करायची आणि ‘पुट’ने फील्ड भरायची. इथे स्टँडर्ड ऑब्जेक्ट आडवे येतात. कस्टममध्ये फील्डची नावे सगळीकडे एकच, पॅरेंट-आयडी आणि ॲक्सेस-लेव्हल. अकाउंटच्या शेअरमध्ये मात्र ती अकाउंट-आयडी आणि अकाउंट-ॲक्सेस-लेव्हल होतात, केसमध्ये केस-आयडी आणि केस-ॲक्सेस-लेव्हल. अकाउंटची ओळ घालताना ऑपॉर्च्युनिटीची पातळीही भरावी लागते, नाहीतर आवश्यक फील्ड नाही म्हणून ओळ परत येते. वर स्टँडर्ड ऑब्जेक्टला स्वतःचे रीझन बनवता येत नाही, मॅन्युअलवरच भागवावे लागते. म्हणून आमचा सल्ला असा की सर्व्हिस आधी कस्टम ऑब्जेक्टपुरती लिहा. सभासदाच्या अकाउंटपर्यंत जायचेच झाले तर मालक बदलल्यावर ओळी नव्याने घालण्याची सोय ट्रिगरमध्ये करून मगच जा.

फील्डची ही नावे आणि साधे नियम कस्टम मेटाडेटा टाइपमध्ये ठेवा. एका नोंदीत ऑब्जेक्ट, लुकअप फील्ड, पातळी, रीझन, चालू की बंद एवढे. ‘वसुली अधिकाऱ्याला रीड’ ही उद्या आलेली मागणी मग एका नोंदीत भागते. ‘गेट-ऑल’ने या नोंदी वाचल्या तर क्वेरीच्या मर्यादेत त्या मोजल्याही जात नाहीत. लुकअपने न सुटणारे नियम, उदाहरणार्थ ‘रक्कम ठरावीक आकड्यावर गेली तरच मुख्य कार्यालयाचा मूल्यांकनकार’, यांच्यासाठी एक इंटरफेस ठेवा आणि त्या क्लासचे नाव नोंदीत लिहा. सगळे काही मेटाडेटात बसवण्याचा हट्ट मात्र नको. तीन अटींचा नियम फील्डमध्ये भरण्यापेक्षा वीस ओळींचा क्लास वाचायला सोपा असतो.

सर्व्हिसचा क्लास ‘विदाउट शेअरिंग’ जाहीर करा, म्हणजे चालवणाऱ्याचे शेअरिंग त्याला आड येत नाही. अर्ज सेव्ह करणाऱ्या कारकुनाला स्वतःला शेअर करण्याचा अधिकार असेलच असे नाही, त्याच्यामुळे ओळ अडू नये. पण मग स्क्रीनवरून थेट बोलावता येईल अशी मेथड त्यात ठेवू नका. तसे झाले तर हवा तो आयडी पाठवून कुणीही स्वतःला ॲक्सेस देऊन घेईल.

ट्रिगर कधी चालवायचा

आफ्टर इन्सर्ट, आफ्टर अपडेट आणि आफ्टर अनडिलीट. बिफोर इन्सर्टमध्ये रेकॉर्डला आयडीच नसतो. डिलीटसाठी काही लिहू नका, रेकॉर्डसोबत त्याच्या शेअरच्या ओळी जातात.

अपडेटमध्ये नियमाशी संबंधित फील्ड बदललेलेच अर्ज पुढे पाठवा: तपासनीस, मूल्यांकनकार, वसुली अधिकारी, राज्य, आणि मालक. मालक यादीत का? मालकालाच शेअरची ओळ देण्यात अर्थ नाही, म्हणून नियमाचा तुकडा मालकाला वगळतो. पण आज मालक असलेला माणूसच तपासनीस असेल आणि उद्या मालकी दुसऱ्याकडे गेली, तर त्याला तेव्हा ओळ लागते. मालकाचा बदल पाहिला नाही तर त्याला फाइल दिसायची बंद होते.

नियमाच्या तुकड्याला ट्रिगरमधली रेकॉर्ड थेट देण्याऐवजी आयडींचा संच द्या आणि लागणारी फील्ड त्याला क्वेरी करू द्या. एक क्वेरी जास्त जाते खरी, पण बॅचमधूनही तोच तुकडा जसाच्या तसा चालतो. एका व्यवहारात १०० क्वेरी, १५० डीएमएल (इन्सर्ट, अपडेट, डिलीट यांसारख्या आज्ञा) आणि १०,००० डीएमएल ओळींची मुभा असते. ट्रिगरच्या एका फेरीत २०० अर्ज आणि प्रत्येकी तीन भूमिका धरल्या तर ६०० डिलीट आणि ६०० इन्सर्ट, म्हणजे १,२०० ओळी. बरीच जागा उरते. मोठ्या गटांऐवजी एकेका व्यक्तीला ओळी देऊ लागलात की मात्र हा आकडा झपाट्याने फुगतो. शाखेतल्या पंधरा जणांना द्यायचे असेल तर पब्लिक ग्रुपला एक ओळ द्या.

नेमके काय बिघडते

रोलचा आयडी दिला जातो. घेणाऱ्याच्या फील्डमध्ये ००५ ने सुरू होणारा युजर किंवा ००जी ने सुरू होणारा ग्रुप चालतो, ००ई चा रोल चालत नाही. रोलला द्यायचे असेल तर ग्रुप ऑब्जेक्टमध्ये रिलेटेड-आयडीने त्या रोलचा ग्रुप शोधा, आणि टाइप ‘रोल’ हवा की ‘रोल अँड सबॉर्डिनेट्स’ ते ठरवून घ्या. दोन्हींचा आयडी वेगळा असतो.

‘फील्ड फिल्टर व्हॅलिडेशन एक्सेप्शन’ येते आणि मेसेजमध्ये ॲक्सेस-लेव्हलचा उल्लेख असतो. ओडब्ल्यूडीने आधीच जेवढे दिले आहे तेवढीच किंवा त्याहून कमी पातळी तुम्ही देऊ पाहत आहात. पब्लिक रीड-ओन्ली असताना रीड दिले की हेच होते. ही ओळ निरर्थक आहे, घातक नाही. म्हणून इन्सर्ट अंशतः यश चालेल अशा पद्धतीने करा (दुसरा पॅरामीटर ‘फॉल्स’), निकाल एकेक तपासा, ही एक चूक सोडून द्या आणि बाकीच्या लॉग ऑब्जेक्टमध्ये लिहा. सगळ्याच चुका गिळणारा कोड लिहू नका. ॲक्सेस न मिळाल्याची बातमी मग थेट फोनवरूनच येते.

निष्क्रिय युजर. बदली झालेल्या किंवा निवृत्त अधिकाऱ्याचे नाव लुकअपमध्ये तसेच राहिलेले असते. ग्रँट बनवतानाच ‘इज-ॲक्टिव्ह’ पाहून गाळा.

‘मिक्स्ड डीएमएल’. अर्ज सेव्ह करता करता त्याच व्यवहारात ग्रुपमध्ये सदस्य घालायला गेलात की हे येते, कारण ग्रुप-मेंबर हे सेटअपचे ऑब्जेक्ट आहे. ते काम क्युएबल जॉबला, म्हणजे नंतर वेगळ्या व्यवहारात चालणाऱ्या कोडला, द्या.

‘अनेबल टू लॉक रो’. दोन जॉब एकाच वेळी त्याच अर्जांवर बसले की येते. एकाच मालकाच्या नावावर १०,००० हून जास्त रेकॉर्ड असतील तर मालकी किंवा रोल बदलताना हे हमखास डोके वर काढते. सगळे अर्ज ‘मुख्य कार्यालय’ नावाच्या एका युजरच्या नावावर टाकण्याची सवय आपल्याकडच्या संस्थांना फार. ती आधी मोडा.

टेस्ट

प्रॉडक्शनवर जायला ७५ टक्के कव्हरेज (टेस्टमध्ये चाललेल्या कोडचे प्रमाण) लागते, पण शेअरिंगच्या बाबतीत कव्हरेज फसवते. शेअरची ओळ तयार झाली एवढेच तपासणारी टेस्ट अर्धी असते. दोन टेस्ट-युजर बनवा, दोघांना परमिशन सेट द्या, आणि ही सेटअपची कामे ‘सिस्टिम रन-ॲज’च्या वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवा, नाहीतर टेस्टमध्येच मिक्स्ड डीएमएल भेटेल. मग पहिल्याला तपासनीस करा, त्याच्या नावाने ‘रन-ॲज’ करून अर्ज क्वेरी करा, एक मिळाला पाहिजे. क्वेरीत ‘विथ युजर मोड’ लावा, म्हणजे शेअरिंग आणि ऑब्जेक्टचे अधिकार दोन्ही तपासले जातात. आता तपासनीस बदला. पहिल्याला शून्य, दुसऱ्याला एक. त्यानंतर मालक बदला आणि दुसऱ्याला अजून एकच मिळतो का ते पाहा. मॅन्युअल ओळ हाताने घालून सर्व्हिस चालवा, ती शाबूत राहिली पाहिजे. शेवटी हेच २०० अर्जांवर.

चालू सिस्टिममध्ये एखाद्याचा ॲक्सेस तपासायचा असेल तर युजर-रेकॉर्ड-ॲक्सेस या ऑब्जेक्टला विचारा, एका युजरसाठी एका वेळी २०० रेकॉर्डपर्यंत उत्तर मिळते. ॲडमिनला कोड न उघडता पाहायचे असेल तर रेकॉर्डवरचे शेअरिंग हायरार्की दाखवा.

जुने अर्ज आणि पुनर्गणना

ट्रिगर सुरू झाल्यानंतरच्या अर्जांनाच ओळी मिळतात. आधीच्या अर्जांसाठी बॅच क्लास लागतो, आणि तो लिहिणे आता दहा मिनिटांचे काम आहे: स्टार्टमध्ये सगळ्या अर्जांचे आयडी, एक्झिक्यूटमध्ये नियमाचा तुकडा आणि सर्व्हिस. आधी सगळ्या ओळी पुसून मग नव्या घालण्याची पद्धत इथे नको. सर्व्हिस फरकच काढते, त्यामुळे बरोबर असलेल्या ओळींना हात लागत नाही आणि लॉकही कमी पडतात. स्कोप, म्हणजे एका फेरीतले अर्ज, २०० ठेवा.

हाच क्लास ऑब्जेक्टच्या पानावर एपेक्स शेअरिंग रिकॅल्क्युलेशनच्या यादीत जोडा, तिथे पाच क्लासपर्यंत जागा आहे. ओडब्ल्यूडी बदलली की तो आपोआप चालतो, आणि तो चालायलाच हवा. कुणी प्रायव्हेटचे पब्लिक रीड-ओन्ली केले तर निरर्थक ठरलेल्या रीडच्या ओळी सेल्सफोर्स काढून टाकते. पुन्हा प्रायव्हेट केल्यावर त्या आपोआप परत येत नाहीत, पुनर्गणनेनेच येतात.

डिप्लॉय करताना क्रम पाळा: शेअरिंग रीझन, मग सर्व्हिस आणि ग्रँट, मग नियम आणि मेटाडेटाच्या नोंदी, मग ट्रिगर, शेवटी बॅच. पहिली बॅच शाखा बंद झाल्यावर संध्याकाळी लावा. दुसऱ्या दिवशी शाखा उघडण्याआधी शेअर ऑब्जेक्टवर रो-कॉजनुसार गट करून मोजा, आणि शेजारी तपासनीस भरलेल्या अर्जांची संख्या घ्या. तपासनीसाच्या रीझनच्या ओळी त्याहून कमी निघाल्या तर लॉग ऑब्जेक्ट उघडा. निष्क्रिय युजर आणि ‘मालकच तपासनीस’ असलेले अर्ज वजा करूनही फरक उरला तरच कोडकडे वळा.